क्यूओएस चालू केल्याने इंटरनेटचा वेग वाढतो का?

'राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस चालू करा, व्हिडिओ कॉलला सर्वोच्च प्राधान्य द्या, म्हणजे इंटरनेट वेगवान होईल आणि कॉल अडकणार नाही,' हा सल्ला सर्रास दिला जातो. क्यूओएस म्हणजे 'क्वालिटी ऑफ सर्व्हिस', कोणत्या डेटाला प्राधान्य द्यायचे हे ठरवणारी राउटरमधली सोय. त्यात तथ्याचा अंश आहे, पण तो भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

वेग वाढतो हे म्हणणे साफ चुकीचे आहे. कोणते पॅकेट, म्हणजे डेटाचा कोणता छोटा तुकडा, आधी सोडायचे एवढेच क्यूओएस ठरवते. उलट अनेक घरगुती राउटरांत ते चालू करताच एरवी खास हार्डवेअर करत असलेले काम प्रोसेसरवर येऊन पडते आणि कमाल वेग घटतो.

राउटर कॉल अचूक ओळखतो, हेही गृहीत धरता येत नाही. पोर्ट क्रमांकावरून, म्हणजे डेटा कोणत्या सेवेचा आहे हे सुचवणाऱ्या क्रमांकावरून, वर्गवारी करण्याची पद्धत जुनी आहे. आज वेबपाने, चित्रफिती आणि फोटोंचा बॅकअप बहुतांशी ४४३ या एकाच पोर्टवरून, तेही कूटबद्ध होऊन जातात आणि काही वेळा कॉलही तिथूनच जातो.

पॅकेटच्या सुरुवातीला डीएससीपी नावाचे प्राधान्य दाखवणारे क्षेत्र असते; त्यात ४६ हा आवाजासाठीचा शिक्का मारला की पुढे सर्वत्र त्याला मान मिळतो, असे काही जण सांगतात. हे सहा बिटांचे क्षेत्र १९९८ साली निश्चित झाले, पण त्याचा अर्थ प्रत्येक जाळ्याचा चालक आपापला ठरवतो. सेवादाता तो शिक्का पुसून शून्य करू शकतो, आणि त्यात गैर काही नाही, कारण एरवी प्रत्येकाने आपले प्रत्येक पॅकेट ४६ केले असते.

खरा मुद्दा रांग कुठे लागते हा आहे. समजा अपलोड १० एमबीपीएस आहे, फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला आणि मोडेममधली १ एमबीची (म्हणजे ८ मेगाबिटची) रांग भरली. आता तुमच्या आवाजाचे पॅकेट तिच्या शेवटी जाऊन ०.८ सेकंद थांबेल. संभाषण सहज चालण्यासाठी एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा लागतो. राउटरने ते पॅकेट कितीही आधी सोडले, तरी मोडेमला त्या प्राधान्याची खबरच नसते. म्हणून राउटरमध्ये अपलोडची मर्यादा ९ एमबीपीएस ठेवावी; मग रांग राउटरमध्येच लागते आणि प्राधान्याला अर्थ येतो. एफक्यू-कोडेल किंवा केक ही रांग-व्यवस्था उपलब्ध असेल, तर प्रत्येक प्रवाहाला आपोआप वेगळी रांग मिळते आणि घरात हाताने वर्गवारी करण्याची गरज बहुधा उरत नाही.

डाउनलोडची रांग मात्र सेवादात्याच्या बाजूला लागते. तिथेही राउटरमध्ये मर्यादा थोडी कमी ठेवल्यास पाठवणारे सर्व्हर आपला वेग आवरतात, पण हा ताबा अप्रत्यक्ष असल्याने अपलोडइतका पक्का नसतो.