आर्क्टिक मंकीज एका रात्रीत मोठे झाले नाहीत

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला पाच-सहा जणांनी पाठवला. नाशिकमध्ये गिटार-ड्रम वाजवणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर तो फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या चार पोरांनी, म्हणजे आर्क्टिक मंकीज या रॉक बँडने, आपली गाणी मायस्पेस या तेव्हाच्या सोशल साइटवर टाकली. एका रात्रीत ते स्टार झाले. रेकॉर्ड कंपनी न लागता त्यांचा पहिला अल्बम पहिल्या नंबरवर गेला आणि तोच फॉर्म्युला वापरून ते आजवर खातायत. शेवटी सल्ला: तालमीत आणि छोट्या कार्यक्रमांत वेळ घालवू नका, रील टाका.

मी सोडून दिलं असतं. पण साउंडचं सामान ठेवायला माझा अंबडला एक गाळा आहे आणि रविवारी तिथे पोरांचे बँड तालीम करतात. त्यातल्या एका बँडने परवा मला सांगितलं, "काका, तालीम सध्या बंद. आधी फॉलोअर्स वाढवतो." चौघंही चांगलं वाजवतात. ड्रमर तर ढोल पथकातून आलेला, त्याचा हात पक्का आहे. अशी पोरं त्या मेसेजवर विश्वास ठेवून थांबणार असतील तर मला गप्प बसवत नाही.

पहिली गोष्ट मायस्पेसची. बँडचा गायक अ‍ॅलेक्स टर्नर आणि गिटारवादक जेमी कुक हे शेजारी. २००१च्या नाताळात दोघांना गिटार मिळाली, २००२मध्ये बँड उभा राहिला आणि १३ जून २००३ला शेफिल्डच्या 'द ग्रेप्स' नावाच्या पबमध्ये त्यांनी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. मायस्पेस सुरू झालं ऑगस्ट २००३मध्ये. म्हणजे हे स्टेजवर चढले तेव्हा ती साइट जन्मलीही नव्हती.

पुढे काय झालं ते नीट बघा, कारण सगळी गोम इथेच आहे. शेफिल्डच्याच एका स्टुडिओत त्यांनी डेमो रेकॉर्ड केले, घरी सीडीवर उतरवले आणि कार्यक्रम संपला की समोर आलेल्यांना फुकट वाटले. सीडी मोजक्या, मागणारे जास्त. मग ज्यांना मिळाल्या त्यांनी गाणी कॉम्प्युटरवर चढवली आणि एकमेकांना दिली. 'बोर्डवॉक' नावाच्या ज्या ठिकाणी बँड वाजवायचा, तिथल्याच बारमध्ये टर्नर कामाला होता. त्या जागेवरून चाहत्यांनी या गाण्यांच्या गठ्ठ्याला 'बिनीथ द बोर्डवॉक' असं नावही देऊन टाकलं. मायस्पेसवरचं पानसुद्धा चाहत्यांनीच उघडलं. बातम्यांमधून मायस्पेसची वाहवा सुरू झाली तेव्हा बँडने स्वतःच सांगितलं की ते काय असतं हे आम्हाला माहीतही नव्हतं.

इंटरनेटचा हात होता, आणि मोठा होता. ते नाकारणाराही खोटंच बोलेल. पण त्याने नेमकं काय केलं? बाजारात एकही रेकॉर्ड नसताना लोक शब्द पाठ करून कार्यक्रमाला येऊ लागले. ऑक्टोबर २००५मध्ये लंडनच्या अ‍ॅस्टोरिया या सभागृहातल्या त्यांच्या कार्यक्रमाची सगळी तिकिटं संपली. क्रम असा होता: आधी पबमधला कार्यक्रम, मग हातात सीडी, मग नेट, मग आणखी मोठा कार्यक्रम. पहिली कडीच काढून घेतली तर पुढे सरकवायला काय उरतं? त्या पबमध्ये घाम गाळून वाजवलेलं ऐकूनच कोणाला तरी वाटलं होतं की हे मित्राला ऐकवलं पाहिजे.

साउंडवाला म्हणून मी यातलं माझ्यापुरतं सांगू शकतो. मागच्या वर्षी एका गॅदरिंगला साउंड माझा होता. वाजवणाऱ्या बँडची क्लिप बरीच गाजलेली होती. पहिलं गाणं, तेच गाजलेलं, छान झालं. दुसऱ्यात मॉनिटरमधून, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येईना, तो माइक घेऊन स्पीकरपुढे गेला आणि फीडबॅकची शिट्टी सुटली. ड्रमर घाबरून लय वाढवत गेला, बेसवाला मागे राहिला. चौथं गाणं झालंच नाही. पोरं वाईट नव्हती. त्यांनी एकत्र उभं राहून सलग चाळीस मिनिटं कधी वाजवलंच नव्हतं, आणि क्लिप दीड मिनिटाची होती. असं पहिल्यांदा फसायला पन्नास माणसांची खोली हवी. पाचशे माणसांसमोर फसलं की पोरं गिटार कपाटात टाकतात, हे मी पाहिलंय. नाशिकच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात स्पर्धेचं नाटक उभं करणाऱ्या कुणाला जाऊन सांगा की तालीम सोडा आणि आधी पोस्टर फिरवा. ते तुम्हाला उभं करणार नाहीत. मग वाजवणाऱ्यांनाच हा सल्ला का?

'एका रात्रीत' याचा हिशेब सोपा आहे. पहिल्या कार्यक्रमापासून पहिल्या अल्बमपर्यंत दोन वर्षं सात महिने गेले. मधल्या काळात, मे २००५मध्ये, त्यांनी 'बँग बँग' या स्वतःच्या लेबलवर छोटी रेकॉर्ड काढली. तिच्या प्रती किती, तर सीडी पाचशे आणि तबकड्या हजार. त्या ऑगस्टमध्ये रीडिंग-लीड्स फेस्टिव्हलला त्यांना मिळालं तेही मुख्य स्टेज नव्हतं, नवोदितांसाठीचं लहान स्टेज होतं. ऑक्टोबरमध्ये 'आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोअर' हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, आणि २३ जानेवारी २००६ला अल्बम आला. पहिल्याच आठवड्यात ३,६३,७३५ प्रती खपल्या. ब्रिटनमध्ये कुणाचाही पहिला अल्बम तोवर इतक्या वेगाने खपला नव्हता. मेसेज लिहिणाऱ्याला हा एकच आठवडा दिसला.

आता कंपनीचा मुद्दा. तो अल्बम 'डॉमिनो'ने काढला आणि बँडने त्यांच्याशी करार केला होता २००५मध्येच. डॉमिनो ही १९९३ला सुरू झालेली स्वतंत्र कंपनी. आर्क्टिक मंकीज येण्याआधीच तिच्या 'फ्रांझ फर्डिनांड' या बँडने २००४चं मर्क्युरी पारितोषिक, म्हणजे वर्षातल्या उत्तम अल्बमसाठीचं तिकडचं बक्षीस, मिळवलं होतं. 'इंडी' हा शब्द मुळात अशाच कंपन्यांवरून आला: जी बड्या कंपन्यांच्या पंखाखाली नाही ती इंडिपेंडंट. आपल्याकडे त्याचा अर्थ 'कुणीच सोबत नाही, सगळं एकट्याने' असा होऊन बसलाय आणि त्यातून पोरं थकतात. साडेतीन लाखांवर प्रती एका आठवड्यात खपायच्या तर त्या आधी छापाव्या लागतात, दुकानोदुकानी पोचवाव्या लागतात. वीस वर्षांची चार मुलं हे घरून करू शकत नाहीत. त्यांनी बड्या कंपनीऐवजी लहान आणि कसलेली कंपनी निवडली, हे मात्र खरं, आणि शिकण्यासारखं तेच आहे.

'तोच फॉर्म्युला' हे तर ऐकूनच कळतं की म्हणणाऱ्याने पहिल्या अल्बमपुढे काही ऐकलेलं नाही. २००६मध्येच बेसवादक अँडी निकल्सन गेला, निक ओमॅली आला. २००७ला दुसरा अल्बम आणि त्याच वर्षी ग्लास्टनबरी या इंग्लंडमधल्या मोठ्या संगीत महोत्सवाचं मुख्य स्टेज. २००९च्या 'हंबग'साठी ते कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात अमेरिकन रॉक गायक-निर्माता जॉश होमीकडे गेले आणि जड, संथ, काळोखी आवाज घेऊन परतले. डान्सफ्लोअरवाल्या चाहत्यांतले बरेच तेव्हा नाराज झाले. २०१३च्या 'एएम'मध्ये हिप-हॉपचा ठेका गिटारखाली आला आणि आज आपल्याकडची पोरं त्यांना ओळखतात ती याच अल्बममुळे. त्यानंतर पाच वर्षं अल्बम नाही. २०१८मध्ये आला तो पियानोवर बसून लिहिलेला, गिटार मागच्या रांगेत ढकललेला. मला तो पहिल्यांदा ऐकताना जमला नाही. तिसऱ्या-चौथ्यांदा पाथर्डी फाट्यावरून रात्री टेम्पो घेऊन येताना जमला. ओळीने सहा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेले, सातवा, २०२२चा 'द कार', दुसऱ्यावर थांबला. फॉर्म्युल्यावर जगणारा बँड 'एएम'सारखं यश हातात असताना पियानोकडे वळत नाही.

नाशिकला कमी आहे ती 'बोर्डवॉक'सारख्या जागेची, जिथे ज्याला कुणी ओळखत नाही तो दर महिन्याला वाजवू शकेल. २००८पासून सुला फेस्ट या इथल्या संगीत महोत्सवाने आपल्याला मोठं स्टेज जवळून दाखवलं, पण तिथवर पोचायच्या पायऱ्या गावात नाहीत. माझ्या गाळ्यात सामान एका बाजूला सरकवलं की साठ खुर्च्या मावतात. पुढच्या महिन्यापासून शेवटच्या रविवारी संध्याकाळी सहाला एक बँड, चाळीस मिनिटं, निम्मी तरी गाणी स्वतःची. तिकीट नाही. साउंड माझा, मॉनिटर चांगले देईन. तालीम बंद केलेल्या त्या चौघांना पहिली तारीख दिली आहे. ड्रमरचा होकार आलाय, बाकी तिघांची वाट बघतोय.