जखमेवर प्रोबायोटिक टाकण्याविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

स. न. वि. वि.

आपल्या वडिलांच्या पायाची मधुमेहाची जखम प्रतिजैविकांना दाद देत नाही, आणि पोटासाठी आमच्या दुकानातून नेलेल्या प्रोबायोटिकच्या (उपयोगी सूक्ष्मजीवांच्या) पुड्या त्या जखमेवर कशा टाकाव्यात हे सांगण्यास आमच्या फार्मासिस्टने नकार दिला, म्हणून आपण एकच तारा देऊन ‘यांना नवे संशोधन ठाऊक नाही’ असे लिहिले आहे. नकार दिला हे खरे आहे, आणि तो योग्यच होता असे माझे मत आहे.

संशोधन झालेले आहे, याबद्दल वाद नाही. अर्जेंटिनातील तुकुमान येथील डॉक्टरांनी लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा जिवाणू भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर लावला, आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्याचा परिणाम सिल्व्हर सल्फाडायझिन या नेहमीच्या मलमाच्या जवळपास आढळला. जखमा चिघळवणारे स्युडोमोनास जंतू एकमेकांना रासायनिक संदेश देत जखमेवर चिकट थर रचतात. त्या संदेशांतच लॅक्टोबॅसिलस अडथळा आणतो, हे मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुढे अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रोबायोटिक जिवाणूंना अल्जिनेट या समुद्री शेवाळातील पदार्थाचे कवच दिले, जेणेकरून सोबतच्या टोब्रामायसिन या प्रतिजैविकाने ते मरू नयेत, आणि या जोडीने एमआरएसए (अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारा जंतू) व स्युडोमोनास नष्ट झाले; मात्र ते प्रयोगशाळेतल्या बशीत, रुग्णाच्या पायावर नव्हे.

आपण नेलेल्या पुडीत यांपैकी काहीही नाही. तिच्यात सॅकरोमायसिस बोलार्डी आहे, म्हणजे जिवाणूसुद्धा नव्हे, तर यीस्ट. शिवाय ती पोटात घेण्यासाठी बनवलेली आहे, जखमेवर लावण्याच्या औषधासारखी निर्जंतुक केलेली नाही. हेच यीस्ट रक्तात शिरून गंभीर आजारी रुग्णांना संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत, आणि म्हणूनच शिरेत नळी असलेल्या रुग्णाजवळ अशी पुडी उघडूही नये असे बजावले जाते. मधुमेहाच्या उघड्या जखमेवर ती टाकण्याची कृती आमचा माणूस कशाच्या आधारावर सांगणार होता?

जखमेचा कल्चर अहवाल आपल्याकडे आहे, असे आपणच लिहिले आहे. कोणते प्रतिजैविक अजून लागू पडते हे त्यात दिलेले असते. तो घेऊन सर्जनकडे जावे, कारण मृत ऊती काढण्याची आणि पायाचा रक्तपुरवठा तपासण्याची गरज आहे का, हे तेच ठरवू शकतात. न उघडलेल्या पुड्या बिलासह आणल्यास त्यांचे पूर्ण पैसे परत मिळतील.