एसी हॉलमधला धूर आणि पम्याचा कॅफे

पम्याला अलकापुरीत कॅफे काढायचाय त्यामुळे काल दांडिया बाजारात चहाच्या लारीवर हाच विषय निघाला. म्हणे जागा माझी, भाडं मी भरणार, लाईट बिल मी भरणार, मग आत कोणी सिगारेट ओढायची की नाही ते सरकार कोण ठरवणार, ज्याला वास सहन होत नाही त्याने दुसरीकडे जावं, बडोद्यात काय हॉटेलं कमी पडलीत? दारूबंदी तर राज्य झाल्यापासून आहेच, आता हे, उद्या शेवउसळीत तिखट किती घालायचं ते पण सांगतील.

मी म्हटलं अरे पण सिगारेटवर बंदी आहेच कुठे, आत्ता इथे रस्त्यावर उभा राहून ओढतोयस ना, घरी पण ओढ. 2003 चा तंबाखूचा कायदा आणि 2 ऑक्टोबर 2008 पासूनचे नियम एवढंच म्हणतात की जिथे पब्लिक येतं-जातं आणि जिथे माणसं कामाला असतात तिथे नको. 30 किंवा जास्त सीटचं रेस्टॉरंट असेल तर वेगळी खोली करता येते, पण चारी भिंती छतापर्यंत, दार आपोआप बंद होणारं आणि धूर थेट बाहेर फेकणारा पंखा हवा. पम्या म्हणाला माझ्याकडे वीसच खुर्च्या बसतात, म्हणजे मोठ्याला सूट आणि छोट्याला नाही. हे मात्र त्याचं खरंय, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हुक्का बार 2017 मध्ये गुजरातने सरसकट बंद केले ते पण मला जरा जास्तच वाटतं.

सच्या इतका वेळ गप्प होता. कॉलेजात असताना, हे नियम यायच्या आधी, तो एका हॉटेलच्या एसी हॉलमध्ये वेटर होता. म्हणाला सकाळी अकरा ते रात्री अकरा त्याच बंद हॉलमध्ये, अॅशट्रे ओल्या फडक्याने पुसायची तर राखेचा काळा चिकट लगदा नखात जाऊन बसायचा, घरी गेलं की आई शर्ट बाहेरच्या दोरीवर टाकायला लावायची, कपाटाजवळ आणू द्यायची नाही. गिऱ्हाईक तासाभरात बिल देऊन उठतं रे, मी कुठे उठणार होतो?

माझं म्हणणं हेच आहे आणि त्यावरून मी हलणार नाही. ज्याला नको त्याने जावं हे गिऱ्हाइकाला लागू पडतं, महिन्याचा पगार ज्याला हवाय त्या पोऱ्याला नाही. आयर्लंडने 2004 मध्ये पबमधला धूर बंद केला तो पण तिथे काम करणाऱ्यांसाठीच. आणि आपल्याकडे काँग्रेसचे नेते मुरली देवरा यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2001 ला सार्वजनिक जागी ओढायला मनाई केली ती न ओढणाऱ्याच्या जगण्याच्या हक्कावर.

पम्या ऐकेना. बरं, मी पोऱ्याला धुराचे हजार रुपये जास्त देतो, तो खुशीत तयार असेल तर मध्ये बोलणारे तुम्ही कोण? तेव्हा अण्णा बोलले, ते नंदेसरीला केमिकल कंपनीतून रिटायर झालेत. म्हणाले आमच्या प्लांटमध्ये एखाद्याने लिहून दिलं असतं की मला मास्क नको, त्याऐवजी पैसे वाढवा, तर कंपनीला ते चाललं असतं का? गरज असली की माणूस कशावर पण सही करतो रे, म्हणूनच तिथे सहीला किंमत नसते. पम्या म्हणे गॅस वेगळा. अण्णा म्हणाले वेगळा कसला, गॅस गळला तर सायरन तरी वाजतो.

मग पम्याने शेवटचं काढलं, समजा कॅफेत मी एकटाच आहे, नोकर नाही, गिऱ्हाईक पण सगळे ओढणारेच, मग कोणाचं काय जातं? कायद्यात त्याला पण सूट नाही, आणि इथे मला त्याचं अर्धं पटलं. पण म्हटलं, बडोद्यात असं एक हॉटेल दाखव जिथे कपबशा विसळायला एक पण पोऱ्या नाही.