वस्तरा गॅसवर धरू नका

‘आजोबांचा गंजका वस्तरा एका दिवसात नवा’ हा मेसेज गेले पंधरा दिवस ग्रुपांवर फिरतोय. रात्रभर लिंबू-मिठात ठेवा, सकाळी गॅसवर लाल करा म्हणजे धनुर्वाताचे जंतू मरतात, मग धारवाल्याच्या चाकावर घासून आणा. काळे डाग राहिले तर राहू देत, केस मऊच असतात. माझ्या भाच्याने हे सगळं जसंच्या तसं केलं. पणजोबांचा सोलिंगेनचा (पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन गाव) वस्तरा परवा त्याने हातात दिला, तर धारेलगत मोराच्या मानेसारखा निळा पट्टा उमटलेला. पोटात गोळाच आला.

तो निळा रंग म्हणजे पोलादाचं पाणी उतरल्याची खूण. वस्तऱ्याला पाणी देतात तेव्हा पोलाद तापवून, विझवून कडक करतात आणि मग साधारण १५० ते २०० अंशांवर त्याचा ठिसूळपणा काढतात. निळा रंग येतो ३००च्या आसपास. गॅसची ज्योत १,००० अंशांच्या वर, आणि पातं दोन्ही बाजूंनी खोलगट, धारेपाशी कागदाइतकं पातळ. काही सेकंदांत खेळ खलास! पुढे कितीही पाजवा, धार लागते पण टिकत नाही. पट्टा अगदी अरुंद असेल तर तेवढं पोलाद झिजवून काढता येतं, एरवी पातं गेलंच.

शिवाय जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. अशी मूठ ज्योतीजवळ भसकन पेटते. भाच्याच्या वस्तऱ्याची मूठ शिंगाची होती म्हणून त्याचा हात वाचला. आणि हे सगळं कशासाठी? धनुर्वात गंजामुळे होतच नाही. त्याचे जंतू मातीत, शेणात, धुळीत असतात आणि त्यावर इंजेक्शन आहे.

लिंबाने गंज सुटतो, हे मान्य. पण रात्रभर ठेवलं तर आम्ल चांगलं पोलादही खातं, आणि मीठ गंजाला उलट आमंत्रण देतं. थोडं तेल आणि बारीक वॉटर पेपर घेऊन, धारेपासून बोट लांब ठेवून घासलं की लाल गंज निघतो.

धारवाल्याचं चाक सुऱ्या-कात्र्यांसाठी ठीक. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी सपाट दगडावर टेकतात, पाठीमुळेच कोन मिळतो. चाकावर तो कोन जातो, वर पातं तापतं ते वेगळंच.

राहिले काळे डाग. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असलेला केसही पात्याची धार खरवडतो, आणि तुकडा उडतो तो पोलाद एकसारखं नसतं तिथून. नव्या पात्याची ही गत, मग गंजाने पोखरलेल्या धारेचं काय होणार? पाठीवरचे डाग राहू द्या. धारेपर्यंत पोचलेला खड्डा मात्र १,००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) पूर्ण झिजवायचा, मग ४,०००, ८,०००, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ५०-६० वेळा, पाठ पुढे ठेवून. खड्डा खोल असेल तर वस्तरा काचेच्या कपाटात ठेवा, गालावर नको.

पणजोबांच्या डब्यात दुसरा वस्तरा आहे, त्याची धार अजून शाबूत दिसते. रविवारी मी दगड घेऊन येतोय. तोवर त्याला कोणीही हात लावू नका.