कोयता चालवण्याआधी

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि आमच्या जुन्या ट्रेकिंग ग्रुपवर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, गडावरचं रान साफ करा, दगड दिसला पाहिजे. दुसरा म्हणतो, गड बोडके झालेत, झाडं लावा, पहिल्या पावसात पोरांना घेऊन बीजगोळे फेका. दोन्हीकडची मंडळी सुट्टीच्या दिवशी घाम गाळणारी आहेत, आणि मी इथे इंग्लंडात, वेल्सच्या सीमेजवळ बसून मतं देणारा. तरी देतो.

पहिल्या तटाचं एक म्हणणं बिनतोड आहे. वड, पिंपळ, उंबर तटबंदीत नकोतच. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी फटीत पडतं, चुन्यात रुजतं, मूळ जाडावत जातं आणि शेवटी अख्खा चिरा बाहेर ढकलतं. वरून छाटलं तर पुढच्या पावसाळ्यात जोमाने फुटतं, ओढून उपटलं तर सोबत दगड येतो. मूळ मारून मग फट चुन्याने भरणं हे जाणकाराचं काम, तिथे हळवेपणा उपयोगाचा नाही. पण पिंपळाच्या नावाने उपसलेला कोयता पिंपळापाशी थांबत नाही. साफसफाईच्या 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंत नंतरचा कडा जितका उघडा, तितकी वाहवा जास्त.

त्या उघड्या कड्यावर काय होतं, हे विचारणारा ग्रुपवर क्वचितच कुणी असतो. शिवनेरीचंच बघा. तिथल्या कातळावर शिवसुमन वाढतं. महाराष्ट्राबाहेर ते रानात कुठेच उगवत नाही. पावसाळ्यात मांसल पानं, पावसाच्या शेवटाकडे गर्द तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची चांदणीसारखी फुलं, उन्हाळ्यात पानं गळून नुसत्या काड्या. १८६५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून शास्त्रज्ञांनी त्याला 'फ्रेरिया इंडिका' म्हटलं. जिथे गुरं आणि वणवा पोचत नाहीत अशा उभ्या कड्यांच्या कपारींतच ते मुख्यतः तगून आहे. गंमत म्हणजे इकडच्या निवडुंगवेड्या लोकांच्या काचघरांत ते कुंडीत सुखाने वाढतं, कारण त्याची फांदी सहज रुजते. विशाळगडावर सापडलेल्या कंदीलपुष्पाच्या नव्या जातीला तर २०२३ मध्ये शिवरायांचंच नाव मिळालं, 'सेरोपेजिया शिवरायियाना'. गड नुसता दगडाचा असता तर हे सापडलं कुठून असतं?

आता इकडचं सांगतो, पण इकडचे लोक जन्मतः शहाणे होते असं कुणी समजू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या सरकारी खात्याने पडक्या मठांवरची आणि किल्ल्यांवरची आयव्ही नावाची वेल ओरबाडून काढली आणि भोवती कातरलेली हिरवळ पसरली. तोच रोग आपल्याकडेही आला. लॉर्ड कर्झनच्या काळात ताजमहालाच्या बागेतही हिरवळ अंथरली गेली, आणि अजून आपल्याकडे जतन म्हटलं की लॉन, कुंपण आणि मेंदीची कातरलेली रांग डोळ्यांसमोर येते. ज्यांच्याकडून हे घेतलं त्यांनी मात्र २०२३ मध्ये, राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकानिमित्त, शंभर ऐतिहासिक ठिकाणी रानफुलांची कुरणं करायचं जाहीर केलं.

माझ्या घरापासून फार लांब नसलेला विग्मोर किल्ला मला जास्त शिकवतो. १९९०च्या दशकात ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या 'इंग्लिश हेरिटेज' संस्थेने तो ताब्यात घेतला तेव्हा तो झाडोऱ्यात बुडालेला होता. त्यांनी आधी वनस्पतींची नोंद केली, भिंती बळकट केल्या आणि भिंतींच्या माथ्यावर माती-गवताची जाड गादी पुन्हा बसवली. त्यामुळे पाणी थेट चुन्यात मुरत नाही आणि थंडीत दगड तडकायचं प्रमाण कमी होतं. आयव्हीवरही ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी काम केलं. जमिनीतून वर चढलेली वेल भिंतीला ऊन-थंडीच्या टोकापासून वाचवते, भिंतीतच मूळ धरलेली मात्र तिला फोडते. म्हणजे एकाच वेलीबद्दल दोन निर्णय, आणि ते जागेवर जाऊन घ्यायचे.

हे उचलून राजगडावर नेता येणार नाही. इथली भुरभुर बारमाही, आपला पाऊस चार महिने कोसळतो आणि पुढे तेच गवत वाळून वणव्याला आमंत्रण देतं. इथे उंबराचं मूळ नाही, तिथे गोठणारं पाणी नाही. आपल्या तटावर कोणतं गवत आणि नेचे राहू द्यावेत, हे आपल्याच पावसात बघून ठरवावं लागेल. इकडून घ्यायचं ते एवढंच, की आधी यादी आणि मग हत्यार.

झाडं लावू म्हणणाऱ्या दुसऱ्या तटालाही हे लागू आहे. गडमाथ्याचा सडा, म्हणजे सपाट कातळ, बोडका दिसतो म्हणून तो ओसाड नसतो. कातळावरच्या बोटभर मातीत सोनकी, तेरडा आणि कितीतरी बारकी कंदवर्गीय रोपं आपला संसार उरकतात. तिथे ग्लिरिसिडियासारखं झपाट्याने वाढणारं परदेशी झाड लावून सावली केली की ती रोपं गेलीच. हिरवं म्हणजे चांगलं हे मला कधी पटलं नाही, पुण्यात असतानाही नाही.

अडचण कारभाराचीही आहे. या बारांपैकी आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, चार राज्याकडे, आणि उतारावरचं रान बरेचदा वनखात्याचं. तट एकाचा, उतार दुसऱ्याचा, मधल्या कपारीतलं शिवसुमन कुणाचं? वारसा म्हणून आता जे व्यवस्थापन होईल त्यात प्रत्येक गडासाठी एक वनस्पतीशास्त्रज्ञ असायला हवा, आणि त्याची फेरी दसऱ्याच्या आसपास, फुलं असतानाच व्हायला हवी. श्रमदानाच्या मोहिमा सोयीने थंडी-उन्हाळ्यात निघतात. तोवर कंद मातीखाली गेलेले असतात आणि कपारीत उरतात त्या वाळक्या काड्या. त्या जागा आधीच खुणा करून ठेवल्या नाहीत, तर कामसू माणूस त्या कचरा म्हणूनच काढणार.