"हे कसं केलंस, बोलून दाखव"

गणिताच्या तासाला चार-चार मुलांचे गट केले की पहिला आक्षेप ठरलेला असतो: मग पोर्शन कधी संपणार? हा प्रश्न मलाही वर्षानुवर्षं छळत आला आहे. तरीही आता मी ठामपणे म्हणते, बीजगणित चौघांत बसूनच नीट शिकवता येतं.

परवाचंच सांगते. गणित होतं ५ − २(क्ष − ३). एका मुलीचं उत्तर: ५ − २क्ष − ६. वह्यांच्या गठ्ठ्यात असती तर मी लाल फुली मारून 'चिन्हं सांभाळ' एवढंच लिहिलं असतं. पण ती समोर बसली होती, म्हणून म्हटलं, "हे कसं केलंस, बोलून दाखव."

"बाई, दोनाने कंसाला गुणलं, २क्ष − ६ आले. ते पाचातून वजा केले."

म्हणजे गुणाकार अगदी बरोबर! फक्त वजा करताना कंस गळून पडला होता. क्षच्या जागी ३ घालायला सांगितलं. मूळ राशीची किंमत ५, तिच्या उत्तराची −७. बराच वेळ वहीकडे बघत राहिली, मग तिनेच लिहिलं: ५ − (२क्ष − ६). शेजारच्या मुलाचं उत्तर आधीपासून बरोबर होतं. तो म्हणाला, "मी तर नुसता नियम लावला होता." भरल्या वर्गात या दोघांपैकी एकाचंही मला कळलं नसतं.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये एकास एक शिकवणीचा प्रचंड फायदा मांडला होता. पुढच्या अभ्यासांत तो तेवढा दिसला नाही, पण दिसला. शिकागोच्या सरकारी हायस्कूलांत एका शिकवणाऱ्याकडे दोन मुलं, तेही रोज शाळेच्या वेळातच, असा प्रयोग झाला आणि गणितातली प्रगती स्पष्ट दिसली. शिकवणारे बहुतेक प्रशिक्षित शिक्षकही नव्हते.

मात्र 'हुशार', 'मध्यम', 'कच्चे' असे वर्षभराचे गट करू नका, कळकळीने सांगते. कच्च्यांच्या गटातलं मूल पहिल्या आठवड्यातच ओळखतं की आपल्याला कुठे बसवलंय. मी चुकीवरून गट करते. आज कंसात अडखळणारे एकत्र, उद्या बरोबरच्या चिन्हापलीकडे पद नेताना चुकणारे. उरलेल्या वर्गाला तेवढा वेळ खरोखर विचार करायला लावणारं काम हवं, आणि ते तयार करायला मला आदल्या रात्री तास-दीड तास लागतो.

पोर्शन? कंसावर दोन तास जास्त गेले. समीकरणं सुरू झाली तेव्हा कंस पुन्हा शिकवावे लागले नाहीत.