मरायला किती वेळ लागला?

गेल्या आठवड्यात भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, नाल्याकडेची रताळ्याची पट्टी, आणि बांधाला मोटारसायकलच्या क्लच वायरची फासकी. तिच्यात कमरेला अडकलेलं रानडुक्कर मागचे पाय ओढत गोल गोल फिरत होतं. भोवतीची माती इतकी उकरलेली की रात्रभर ते तसंच फिरत असणार. खाली अंगठेच अंगठे आणि चुलतभावाची ओळ: "आपोआप सापडलं. आम्ही कुणी हात लावला नाही."

दोनच दिवस आधी मी नॉर्वेतल्या आमच्या शिकारी टोळीचा फोटो टाकला होता, पायाशी मारलेला एल्ग, म्हणजे इथलं मोठं हरीण (मूस). तेव्हा हाच भाऊ म्हणाला होता, "अण्णा, तिकडं हौसेनं जनावरं मारूलास, पाप लागतंय." पुण्याच्या एका बहिणीने त्यावर शिकार ही विकृती आहे म्हणून लांबलचक लिहिलं. डुकराच्या व्हिडिओवर ती काही बोलली नाही.

तेव्हापासून मी त्या एका वाक्याशी भांडतोय. हात लावला नाही. वायर कुणी आणली? डुकराचं डोकं जाईल एवढा फास कुणी मापला? आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही शिकारीची व्याख्या बंदुकीपाशी थांबत नाही. फास लावणं, सापळा लावणं, विष घालणं, सगळी शिकारच. फरक इतकाच की बंदूकवाल्याला जनावर मरताना बघावं लागतं आणि फासवाला घरी झोपलेला असतो.

आपल्याकडचा वाद कायम एकाच प्रश्नावर अडकतो: मारावं की मारू नये. शेतकरी एक म्हणतो, शहरातला दुसरं म्हणतो, आणि मरायला किती वेळ लागला हे कुणी विचारत नाही. २०२० मध्ये केरळात पालक्काडकडे एका गाभण हत्तिणीच्या तोंडात स्फोटक फुटलं, ती नदीच्या पाण्यात उभी राहून मेली, तेव्हा सगळा देश हळहळला. तसली स्फोटकं लावतात ती रानडुकरांसाठी. जबडा फुटलेलं डुक्कर खाऊ शकत नाही, ओरडत रानात शिरतं आणि उपाशी मरतं. त्याच्यासाठी हळहळलेलं मी कुणाला पाहिलं नाही.

मी नॉर्वेत एल्वेरुमला राहतो, चौदा वर्षं झाली. ऑगस्टमध्ये इथे संध्याकाळी सगळे नेमबाजीच्या रेंजवर भेटतात, माझी दातांची डॉक्टरसुद्धा. मोठ्या जनावराची शिकार करायची तर दरवर्षी परीक्षा: आधी सरावाच्या ३० गोळ्या, मग १०० मीटरवरून पाच, आणि पाचही ३० सेंटिमीटरच्या वर्तुळात. चार बसल्या तर नापास, पुन्हा या. चाळीस वर्षं शिकार केलेला म्हाताराही रांगेत उभा असतो. एल्गसाठी नऊ ग्रॅमहून हलकी गोळी चालत नाही, आणि ती आत गेल्यावर फुलणारी हवी. जखमी जनावराचा माग काढणाऱ्या, परीक्षा पास झालेल्या कुत्र्याची सोय नसेल तर रानात पाऊलच टाकायचं नाही. जनावराला विनाकारण यातना होता कामा नयेत, हे इथल्या १९८१ च्या कायद्यात लिहिलेलं आहे आणि माणसं ते पाळतात.

आमच्या जक्तलेदरने, म्हणजे टोळीच्या म्होरक्याने, पहिल्या वर्षी मला गोळी कधी मारायची नाही हेच जास्त शिकवलं. जनावर आडवं उभं हवं. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जा, छातीच्या तळापासून तिसऱ्या हिश्शावर थांब; दोन्ही फुप्फुसं एका गोळीत येतात, हृदय तिथेच खाली. तोंड तुझ्याकडे असेल तर थांब. पाठ असेल तर बंदूक खाली. डोक्यावर कधीच नाही, मेंदू लहान असतो आणि चार बोटं चुकली की जबडा. गोळी अगदी जागेवर बसली तरी एल्ग पन्नास-शंभर मीटर पळू शकतो, कारण मेंदूला काही सेकंद पुरेल एवढा प्राणवायू उरलेला असतो. म्हणून पळाला म्हणजे नेम चुकला असं समजायचं नाही. जिथे उभा होता तिथे जाऊन जमीन वाचायची. फेसाळ, गुलाबी रक्त असेल तर फुप्फुस. काळपट असेल तर बहुधा यकृत, मग वेळ जाऊ द्यायचा. पडलेल्या जनावराकडे पाठीमागून जायचं आणि काठीने डोळ्याला स्पर्श करायचा. पापणी हलली तर अजून जीव आहे.

एल्गच्या खांद्यावरचा उंचवटा पहिल्यांदा जवळून पाहिला तेव्हा मला जांबोटीच्या रस्त्यावर पाहिलेला गवा आठवला. दोघांचाही तो उंचवटा म्हणजे मणक्यांची वर वाढलेली लांब हाडं. नवखा माणूस पाठीची रेघ आणि पोटाची रेघ बघून मध्यावर नेम धरतो आणि गोळी वर जाते. जक्तलेदर कागदावर हे काढून दाखवत होता आणि मला आजोबांच्या माजघरातल्या गोष्टी ऐकू येत होत्या. हाकारा, ठासणीची बंदूक, "लागली, पण गेला." लहानपणी त्यात मोठं शौर्य वाटायचं. गेला म्हणजे कुठे गेला, कितव्या दिवशी पडला, हे मी आजोबांना कधी विचारलं नाही.

एक गोष्ट मी ग्रुपवर कधी लिहिलेली नाही. तिसऱ्या वर्षी माझी गोळी मागे बसली. पाडस होतं, आडवं उभं होतं, मी घोडा दाबला आणि त्याने पाऊल टाकलं. जागेवर केस आणि हिरवट चोथा. पोटात लागली होती. लगेच मागे लागलं तर ते आणखी दूर जातं, म्हणून जक्तलेदरने सगळ्यांना बसवून ठेवलं. डबा उघडायचीही माझी इच्छा नव्हती. मग कुत्रा सोडला. झऱ्याकाठी ते बसलं होतं, मान वर, आमच्याकडे बघत. शेवटची गोळी मीच घातली. तीन तास दहा मिनिटं. चूक माझी होती, पाय हलायची वाट मी बघायला हवी होती. त्या तीन तासांमुळे मी वायरीबद्दल एवढा पोटतिडकीने बोलतो, हे भावाला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी मी नियम पाठवले.

त्याचं उत्तर आलं, "तुझ्याकडं परवाना हाय, कुत्रा हाय, रेंज हाय. माझ्याकडं काय हाय? पंचनाम्याला माणूस येईस्तोवर रताळी संपत्यात." हे खरं आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी आपल्या कायद्याच्या कलम ११ खाली मिळू शकते, पण भीमगडच्या जंगलाकडेच्या गावातला माणूस तो कागद मिळवायला कितीदा बेळगावला खेपा घालणार? परवानगी सोपी करावी, आणि ज्याला द्यायची त्याला आधी पाच गोळ्या मारून दाखवायला लावावं, असं माझं मत आहे. फास मात्र कुणालाच नको.

आम्ही सीमाभागातली माणसं १९५६ पासून हद्दीवरच उभी आहोत. बेळगावात कन्नड नीट येत नाही म्हणून ऐकून घेतलं, पुण्यात "तुम्ही कर्नाटकातले" म्हणून. इथे रानाच्या नकाशावर सात नंबरच्या पोस्टवर, म्हणजे शिकारीत उभं राहायच्या जागेवर, माझं नाव लिहिलेलं असतं. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा डोळे भरून आले होते. पण नाल्याकडेच्या पट्टीच्या उताऱ्यावरही माझं नाव आहे. म्हणजे ती वायर माझ्या शेतात होती.

काल रात्री भावाला फोन केला. वायर काढलीस काय, विचारलं.

"एक काढली."

"अजून किती हायत?"

तो जरा गप्प झाला. "तुझ्या वाटणीच्या बाजूला दोन हायत. काढ म्हणशील तर काढतो. मग राखणीला तू येतोस काय?"

काढ, एवढंच म्हणालो.